शनवार एकाचा, रविवार दुसऱ्याचा

रविवारी ऊन चढल्यावर बायजी मोरीजवळ पाटीसकट खाली बसली, ती उठेना. बायजी म्हणजे माझी बायको. तिला चौथा महिना होता. गँगचा मुकादम मीच, म्हणून आधी ओरडलो, "ऊठ, लोक बघतात." मग लुगड्यावर रक्त दिसलं.

तेव्हा संस्थानचा जव्हार-मोखाडा रस्ता चालू होता. पावसाच्या आत पुरा करायचा हुकूम होता. मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, एलोजी ओव्हरसियरांकडे होती. ते ज्यू. आमचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत, कारण त्यांच्या लोकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनवारी ते चूलसुद्धा पेटवत नसत. वर चढावर खडी पसरायचं काम पास्कू ओव्हरसियरांकडे. ते वसईचे किरिस्ताव, त्यांचा रविवार बंद. दोघांनी मला पहिल्याच दिवशी एकच सांगितलं होतं. सहा दिवस काम. सातव्या दिवशी साहेब थांबणार, गडी थांबणार, बैलही थांबणार.

मी डोकं चालवलं. शनवारी मोरीची गँग खडीवर न्यायची, रविवारी खडीची गँग मोरीवर. गडी एक दिवस रिकामा नाही. दोन्ही साहेबांना वाटायचं, जास्तीची माणसं त्या दुसऱ्याने धाडली. वरून शाबासकी आली. बैल मात्र साहेबांचे, त्यांना हात लावायची माझी छाती नव्हती. ते आपापल्या वारी झाडाखाली रवंथ करत बसायचे.

बायजी मोरीच्या गँगमधली. एकदा म्हणाली, "बैल बसलंत. माझा दिस कवा?"

"तू काय बैल हायस?"

"नाय ना. तेच तर."

मी हसलो होतो.

एलोजी साहेब धावत आले. "काल हिची सुट्टी झाली ना?"

"काल ती खडीवर होती."

"कोणी नेली?"

मी वाकून तिची पाटी बाजूला सारली. त्यांना कळलं.

मोरीच्या गाड्या वाळूला गेलेल्या. पास्कू साहेब प्रार्थना सोडून उतरून आले. त्यांनी स्वतः आपले बैल जुंपले.

"आज तुमचा दिवस," एलोजी म्हणाले.

"जीव जात असेल तर दिवस मोडतात."

"आमच्यातही हेच आहे."

"तुमच्याकडूनच तर आलं आमच्याकडं. एलोजीभाऊ, गड्याला विश्रांती द्या हे दोन्ही पुस्तकांत आहे. मग हा मुकादम कुठल्या पुस्तकातला?"

कोणी हसलं नाही. गाडीत पेंढा घातला. दवाखाना जव्हारला, तो चढ मी बैलांच्या बाजूनं चालत गेलो. एलोजी साहेबांनी मला गाडीत बसू दिलं नाही.

बायजी वाचली. पोर गेलं. पुढं आम्हांला मूल झालं नाही.

त्या आठवड्यापासून मोरीची गँग शनवारी बसली, खडीची रविवारी. रस्ता पावसाआधी झाला नाही. माझी मुकादमी गेली आणि मीही पाटी उचलू लागलो. त्या दिवसापासून शनवारी घरात भाकरी मी थापायचो. बायजी ओट्यावर बसून बघायची. ती बात तिनं कधी काढली नाही. एवढंच म्हणायची, "जाड झाली."

या माघात ती गेली.

मी शाळेत दोन वर्षं गेलो असेन. त्यांची पुस्तकं मला वाचता आली नसती. पण दोघांनी तोंडानं सांगितलं होतं, आणि कान माझे तेव्हा चांगले होते.