आईचा डावा हात

आमच्या सांडोरच्या वाडीत सुकेळी बांधायचं काम आईचं. वाळवलेली राजेळी केळी केळीच्याच सुक्या पानात गुंडाळायची आणि खोडाच्या सोपटाच्या दोरीने आवळायची. डाव्या हाताने पुडी दाबून धरायची, उजव्याने दोरी फिरवायची. एका हंगामात आईच्या पुड्या सुटायला लागल्या. वडील म्हणाले, सोपट फार सुकलंय. म्हणून ते आदल्या दिवशीच भिजत घातलं. तरी सुटल्याच. मग पानांना बोल लावला, उन्हाला लावला. आम्हा वाडीवाल्यांना सगळ्या दुखण्यांचं मूळ झाडातच सापडतं.

आईच्या हाताकडे कोणी पाहिलंच नाही. हात डावा होता ना. नैवेद्य उजव्याने, हळदकुंकू उजव्याने, जेवण उजव्याने. डावा काय, असतो आपला बाजूला. तो ताठ व्हायला लागला तशी आई त्याला पदराखाली दडवायची.

मी लग्न होऊन तुळिंजला राहते. एका रविवारी माहेरी गेले आणि तिच्यासमोर बसले. तिने उजव्या हाताने गाठ मारली. डाव्याने ती सावकाश सोडवली.

"आई, थट्टा करतेस काय?" मी हसत विचारलं.

"मी नय करत," ती म्हणाली. ती घाबरली होती.

डॉक्टरांनी समजावलं. मेंदूचा उजवा भाग डाव्या अंगाचं बघतो आणि आईचा तोच भाग झिजत चालला होता. त्यामुळे हात सांगितलेलं करत नव्हता, न सांगितलेलं करत होता. आईने उजव्या हाताचं विचारलं. "आज ना उद्या तोही," ते म्हणाले. औषधाने ताठरपणा थोडा कमी होईल, आजार थांबणार नाही. मला त्यांचा राग आला. खरं बोलले म्हणूनच आला.

परतताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "मना कोनी भरवायचा नय."

माझ्या आजीला शेवटपर्यंत तिनेच भरवलं होतं. ते काय असतं हे तिला चांगलं माहीत होतं. शेजारी बसलेले वडील "बरं" म्हणाले.

पुढे उजवा हातही बिघडला. चमचा तोंडाऐवजी गालाला लागायचा. आई भिंतीकडे तोंड करून जेवायची आणि ताटातलं निम्मं जमिनीवर जायचं. ती वाळत गेली. माहेरी आले की मी वडिलांशी भांडायचे. ते म्हणायचे, "मी तिला शब्द दिलाय." शब्द पाळून माणसाला उपाशी मारायचं, ही कुठली रीत, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं.

शेवटी एका दुपारी आईच्या हातून चमचा पडला आणि तिने तो मागितलाच नाही. वडिलांनी ताट उचलून माझ्या हातात दिलं आणि ते वाडीत निघून गेले.

मी डाळभात कालवून घास पुढे केला. आईने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग तोंड उघडलं. तेवढ्यात तिचा डावा हात वर आला आणि त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"आई, सोड ना."

"मी नय धरला," ती म्हणाली आणि तिने पुन्हा तोंड उघडलं.

मी तिची बोटं सोडवली, तो हात माझ्या गुडघ्याखाली दाबून धरला आणि तिला भरवलं. तिने घास गिळला. हात खालून ओढतच होता. तिचा शब्द पाळणारा घरात आता तेवढा तोच उरला होता.