चुलत्याच्या फोनवरचा रबर

मंडळी, आज सकाळी ह्या ग्रुपनं मला लई मोठ्या चुकीतून वाचवलं.

चुलत्याचा फोन चालू केला की सारखा फास्टबूटचा, म्हणजे दुरुस्तीवाल्यांचा, पडदा यायचा, पुढं सरकायचाच न्हाई. मी तो लॅपटॉपला जोडला आणि नवं सॉफ्टवेअर टाकायला बूटलोडर अनलॉक करायची कमांड टाइप केली. तिनं फोनमधलं सगळं पुसलं जातं. चुलता शेजारी बसून एकच म्हणत होता, "तुज्या काकूचा व्हिडिओ तेवढा ऱ्हाऊ दे."

काकू गेल्या वर्षी वारली. शेळ्यांना हाका मारतानाचा तिचा तेवढाच व्हिडिओ हाय.

एंटर दाबायचा धीर होईना, म्हणून इथं फोनचा फोटो टाकून विचारलं. एका अनोळखी भावानं लिहिलं, "आधी तो रबर काढा. आवाज कमी करायचं बटण दाबलं जातंय. ते दाबलेलं असताना फोन चालू केला की हाच पडदा येतो."

खिशातून घसरू नये म्हणून चुलता फोनला सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळतो. रोज बघून मला तो दिसायचाच बंद झालाय.

रबर काढला, रीबूटची कमांड दिली, फोन सुरू झाला. चुलत्यानं आधी व्हिडिओच लावला. काकूची हाक ऐकून दारातल्या शेळ्या ओरडायला लागल्या.

चुलता म्हणला, "त्या पोराला सांग, शेळ्यायला बी आवाज कळला."

सांगतोय, भावा.