सावकाश काकूंचं कार्ड

माझ्या बायकोचा नेमबाजीचा किस्सा मी इतकी वर्षं खोटा सांगत आलो. सोसायटीच्या गच्चीवर सांगितला, लग्नाच्या पंगतीत सांगितला, आणि ती गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांनाही सांगितला. ‘स्पर्धेत आमच्या हिचा हात असा हलला की छरे भलतीकडेच!’ माणसं हसायची. खरं काय घडलं ते सांगायचं मी टाळत राहिलो. आजसुद्धा लिहायला बसल्यापासून तीनदा उठून झालं. एकदा नळ बघून आलो, एकदा दाराची कडी, तिसऱ्यांदा कशाला उठलो ते आठवत नाही.

सोसायटीत तिला सगळे ‘सावकाश काकू’ म्हणत. कोणी जिना उतरत असो, लिफ्टचं दार ओढत असो की उकळता चहा तोंडाला लावत असो, तिचा पहिला शब्द ‘सावकाश’. कुकरच्या शिट्टीने तिच्या छातीत धस्स व्हायचं, म्हणून तिसरी शिट्टी व्हायच्या आतच ती गॅस बंद करायची. आमच्या घरची डाळ त्यामुळे कायम थोडी कच्ची असायची. दिवाळीत फटाके सुरू झाले की ती बाथरूमला कडी लावून बसायची. तुमच्याही इमारतीत अशी एखादी काकू असेलच.

अशा बाईला मी बंदूक चालवायला नेलं. नवी मुंबईत पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर तिथल्याच एका जुन्या शेडमध्ये सुभेदारांनी काढलेल्या नेमबाजीच्या रेंजवर मी जाऊ लागलो. सुभेदार साताऱ्याकडचे, फौजेतून आलेले. दहा मीटरवर कागदी कार्ड आणि छऱ्यांची एअर रायफल, एवढाच तो खेळ. ‘चल, तुझी भीती जाईल,’ असं मी तिला म्हणालो. खरं म्हणजे माझा नेम चांगला लागतो हे घरातल्या कोणीतरी बघावं, अशी माझी इच्छा होती.

पहिल्या दिवशी ती कानांत कापूस घालून आली. सुभेदारांनी तिच्या तळहातावर एक छरा ठेवला.

‘बघा वहिनी, मुगाच्या दाण्याएवढा हाय. ह्याला काय भ्यायचं?’

‘त्या भिंतीपलीकडे कोण आहे?’

‘रबराचा कारखाना हाय. पर हितनं छरा जात न्हाई तिकडं.’

तिचं समाधान झालं नाही. ती बाहेर पडली, शेडला वळसा घालून आली आणि म्हणाली, ‘चार माणसं जेवायला बसलीत. त्यांचं होऊ दे.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुभेदारांनी मात्र तिच्यासाठी खुर्ची ओढली. ‘बसा वहिनी. समोर कोण हाय ते आधी बघायचं, ह्यो पयला नियम. तुमाला तो शिकवायची गरज न्हाई.’

मी तिच्या मागे उभा राहून सारखा बोलायचो. कोपर आत घे, श्वास सोड, अगं दाब आता! ती रायफल खाली ठेवायची आणि शांतपणे म्हणायची, ‘तुम्ही आधी चहा घेऊन या बघू.’ मी गेलो की ती नेम धरायची. या आवाजाची तिला भीती वाटेनाशी झाली, त्याचं कारण तिनेच शोधलं होतं. ‘कुकर कधी बोंबलेल सांगता येत नाही हो. हिचं बरंय, मी दाबेन तेव्हाच वाजते.’

सहा महिन्यांत तिचे छरे माझ्यापेक्षा जास्त मधोमध लागायला लागले. सुभेदार येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची कार्डं दाखवायचे. मी हसायचो. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

रेंजच्या वर्धापनदिनाला छोटी स्पर्धा ठेवली होती. आम्ही दोघं एकच रायफल वापरायचो. रायफलच्या मागच्या साईटला, म्हणजे जिच्यातून बघून नेम धरतात तिला, दोन चकत्या असतात. त्या फिरवल्या की नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतो. ज्याने चकती फिरवली त्यानेच ती परत जागेवर आणायची, हा सुभेदारांचा कडक नियम होता. त्या सकाळी मी लवकर जाऊन सराव केला. छरे वर आणि उजवीकडे जात होते. दोष डोळ्याचा होता, पण मी चकत्या फिरवत राहिलो. मग पाहुणे आले, मी खुर्च्या मांडायला धावलो आणि चकत्या तशाच राहिल्या. मुद्दाम केलं नाही. एवढं तरी माझं खरं माना.

तिने दहा छरे मारले. दोरी ओढून कार्ड मी आणलं. मधलं काळं वर्तुळ कोरं होतं. खाली डाव्या कोपऱ्यात एकच भोक होतं, दहाही छरे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळजवळ. हात हलला असता तर छरे कार्डभर विखुरले असते. असं एकाच जागी भोक पडतं तेव्हा हात दगडासारखा स्थिर असतो आणि साईट चुकलेली असते. मला ते बघताक्षणी कळलं. तिने साईटला कधी हातच लावला नव्हता, तिला कसं कळणार?

‘काय झालं हो?’

‘हात हलला तुझा.’

‘दहाही वेळा?’

‘घाबरलीस तू. देऊ नकोस हे कार्ड, लोक हसतील.’

कार्ड मी खिशात घातलं. सुभेदार आले. ‘बघू की वहिनींचं कार्ड!’ तिने ते फाडलं, असं मी सांगितलं. त्या वेळी मनात कुठेतरी बरं वाटलं होतं, तेही आता लिहून टाकतो.

ती पुन्हा रेंजवर आली नाही. सुभेदार दोनदा घरी येऊन गेले. ‘हाताचं काही खरं नाही आता, भावजी,’ एवढंच ती म्हणाली. मग घरात बारीकसारीक बदल दिसू लागले. चहाचा ट्रे गेला, एकेक कप येऊ लागला, तोही अर्धाच भरलेला. दारात हाताने काढायची ती रांगोळी गेली, छाप्यांची आली. मी बघत होतो. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत होतो.

मुलीला मुलगा झाला. दवाखान्यात तिने नातवाला उभ्याने घेतलं नाही. पलंगावर बसली, मांडीवर उशी ठेवली आणि मुलीला म्हणाली, ‘इथे ठेव. माझा हात हलतो.’

‘आई, काहीतरीच तुझं!’

‘तुझ्या बाबांनी बघितलंय.’

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. खाली गाड्या लावलेल्या होत्या, त्या मोजत राहिलो.

गेल्या वर्षी तिला वाशीला दवाखान्यात ठेवावं लागलं. एका दुपारी वॉर्डात शांतता होती, तेव्हा मी धीर केला. ‘अगं, ऐक,’ म्हणालो, तेवढ्यात सिस्टर सलाईन लावायला आली.

‘हात घट्ट धरा हो माझा,’ ती मला म्हणाली, ‘हलेल.’

मी तिच्या मनगटाला नुसती बोटं टेकवली. सुई एका खेपेत गेली.

‘आजी, किती स्थिर हात आहे तुमचा!’ सिस्टर म्हणाली.

तिने माझ्याकडे बघितलं. ‘यांनी धरलाय ना.’

सिस्टर गेल्यावर तिने विचारलं, ‘काय म्हणत होतात?’

‘काही नाही. झोप तू.’

चौथ्या दिवशी ती गेली.

म्हणायचं होतं ते इतकंच. अगं, तुझा हात हलला नव्हता. चकत्या मी फिरवल्या होत्या, आणि कार्ड बघताच मला ते कळलं होतं. मला माफ कर.