खिडकीजवळची रिकामी खुंटी

ज्या खुंटीवरून भांडण पेटलं होतं ती आग्नेटाने तेव्हा पाहिलीसुद्धा नव्हती. ती पोर खालच्या पायरीवर बापाची वाट बघत बसली होती, आणि वर चर्चच्या चरबी टांगायच्या मनोऱ्यात दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती. त्यांचे आवाज गोल जिन्यातून धोंड्यासारखे गडगडत खाली येत होते.

"खिडकीजवळची खुंटी आम्हा टाइल घराण्याची. तुझ्या आज्याची तिला हात लावायची छाती नव्हती," म्हातारा टाइल म्हणाला.

"छाती होती. तुमच्या चरबीच्या लादीचा वास त्याला सोसत नव्हता," म्हातारा कोनर्ट म्हणाला.

मग तिच्या बापाचा दमलेला आवाज आला. तो मनोऱ्याचा किल्लीदार. "तुमचं मिटेपर्यंत ती खुंटी रिकामी राहील."

त्याला वाटलं, आठवड्याभरात मिटेल. भोळा होता बिचारा.

ट्रान्सिल्व्हानियातल्या आमच्या जर्मन वस्तीच्या क्रेहेनडॉर्फचं चर्च म्हणजे अर्धं देवाचं, अर्धं धास्तीचं. भोवती दुहेरी तट, तटाच्या पोटात घरटी एक धान्याची खोली, आत विहीर, आणि वेदीच्या बरोबर डोक्यावर उकळतं डांबर ओतायच्या भोकांचा मजला. खाली पाद्रीबाबा शत्रूवर प्रेम करा म्हणून सांगायचे, वर त्याच शत्रूसाठी कढया तयार. तुर्क आले, गाव जाळून गेले, पण तटाच्या आत काही त्यांना शिरता आलं नाही. शेजाऱ्याला मात्र तट काय करणार? तो आधीपासून आतच.

त्याच्यासाठी शिक्का होता. डुकराच्या खारवलेल्या चरबीच्या लाद्या सगळ्या गावाच्या एकाच मनोऱ्यात टांगलेल्या असत, कारण तिथल्या जाड भिंती ऐन उन्हाळ्यातही गार. मनोरा फक्त रविवारी, प्रार्थनेनंतर उघडायचा. ज्याने त्याने आपला आठवड्याचा तुकडा कापायचा आणि किल्लीदाराने लादीच्या कापल्या अंगावर शाईचा शिक्का उमटवायचा, म्हणजे मधल्या वारी कुणी पातळसा काप लांबवला तर लगेच कळावं. गावाचा परमेश्वरावर पुरा भरवसा होता. भावकीवर शनिवारपर्यंतही नव्हता.

खिडकीजवळची खुंटी सगळ्यांत हवेशीर. तिच्यावर लादी कधी खवट होत नसे. तीच रिकामी. पण गंजली असती तर दोन्ही घरांनी किल्लीदाराला फाडून खाल्लं असतं, म्हणून दर रविवारी तिला चरबीचं साल चोळायचं काम आग्नेटाच्या बापामागे लागलं. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा रशियनांनी गावातल्या तरण्याताठ्यांना कोळशाच्या खाणीवर नेलं, त्यांत आग्नेटाही गेली. तिचा नवरा तिकडच्याच मातीत राहिला. ती काटकी होऊन परतली, तेव्हा बापाने तिला पोटाशी धरलं, रडला, डोळे पुसले, आणि तिच्या हातात साल दिलं. "जा, खुंटी चोळून ये. माझे गुडघे गेले."

तेव्हापासून किल्ली तिची.

पुढे कम्युनिस्ट राजवट पडली आणि एका वसंतात अख्खं गाव गाठोडी बांधून जर्मनीला गेलं. मागे राहिली आग्नेटा, आणि त्या म्हाताऱ्या कोनर्टचा नातू मिश. तोही आता म्हातारा. टाइल ज्या शहरात गेले त्याच शहरात आपलीही माणसं चालली आहेत हे कळल्यावर त्याने बूट काढून ठेवले आणि इथेच बरा म्हणाला. आग्नेटाशी तो कामापुरतंच बोलायचा. तिच्या बापाने आमची खुंटी बुडवली, हे त्याला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. दर रविवारी तो पुरुषांच्या बाकावर बसे, ती बायकांच्या; मग दोघं मनोऱ्यात जात आणि ती दोन लाद्यांवर दोन शिक्के मारी.

एका उन्हाळ्यात विल्हेल्म टाइल चकचकीत मोटारीतून आला. तिकडच्या गावकरी मंडळाचा तो अध्यक्ष. मनोऱ्याचं संग्रहालय करायचं ठरलं होतं. खऱ्या लाद्या काढायच्या, वास येतो. त्या जागी रंगवलेल्या लाकडी लाद्या. पहिली लाकडी लादी त्याने बगलेतच आणली होती, टाइल घराण्याची खूण कोरलेली, खिडकीजवळच्या खुंटीसाठी. सोबतच्या एका कोनर्टाने तिथल्या तिथे हरकत घेतली. आग्नेटाने खालच्या पायरीवर उभं राहून दोघांना ऐकलं. बोल तेच होते, फक्त लादीच्या वासाच्या जागी आता तिचा रंग आला होता.

ती म्हणाली, मनोऱ्यात खायची चीज टांगतात, लाकूड नाही.

"मग किल्ली दुसऱ्याकडे जाईल, आग्नेटामावशी," विल्हेल्म गोड हसून म्हणाला. "पण आपल्या जुन्या रीतीने. रविवारी चर्चमध्ये हात वर करून." ती रीत त्याने पाहुण्यांसाठीच्या फलकावर आधीच रंगवून घेतली होती: ज्याच्या घरी चूल पेटते, त्याचाच हात मोजावा.

त्या रात्री आग्नेटाला झोप आली नाही. किल्ली गेली तर तिच्या रविवारात उरणार काय?

रविवारी जर्मनीहून आलेल्या गावकऱ्यांनी चर्च भरलं. विल्हेल्मने फलक मोठ्याने वाचला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बसत गेला. गावात चुली दोनच पेटत होत्या. आपल्याच किल्लीसाठी आग्नेटाने हात कसा वर करावा? सगळ्या माना मिशकडे वळल्या.

मिश सावकाश उठला. "ही बाई हट्टी आहे, आणि हिचा बाप अन्यायी होता," तो म्हणाला. आग्नेटाने डोळे मिटले. "पण टाइलांचं लाकूड त्या खुंटीवर बघण्यापेक्षा ती रिकामी बरी." आणि त्याने आग्नेटासाठी हात वर केला.

लाकडी लादी मोटारीतून परत गेली.

बाहेर आल्यावर आग्नेटा त्याला म्हणाली, "मिशदादा, आता गावात टाइल नाही. लाव की तुझी लादी तिथे."

"भांडण कुठे मिटलंय?" मिश रागावून म्हणाला, आणि घरी गेला.

पुढे त्याने अंथरूण धरलं, तेव्हा त्याचा तुकडाही तीच कापून नेऊ लागली. तिच्या शेवटच्या रविवारीही ती भिंतीला धरत गोल जिना चढली. मिशच्या लादीचा तुकडा कापला, मग आपला. शिक्क्यावर फुंकर घालून दोन्हीकडे उमटवला. खिडकीजवळच्या खुंटीला साल चोळलं, कुलूप ओढून पाहिलं आणि तुकडा फडक्यात बांधून त्याच्या घरी नेला.

"शिक्का मारलास?" मिशने उशीवरून विचारलं.

"मारला."

"नीट उठला?"

"नीट उठला, मिशदादा. आता खा."