वैदेहीला भेटलेले डायरेक्टर

संशोधनात डेटा जमवावा लागतो, किस्से मात्र आपोआप जमतात! बेलापूरच्या आमच्या मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमधला सगळा डेटा शेवटी मूठभर फ्लॉप्यांत मावला. त्या फ्लॉप्या आता कुठे आहेत, देव जाणे. किस्से मात्र अजून पुरताहेत. जुन्या स्टाफपैकी दोघं जरी भेटलो, तरी चहा येण्याआधी कुणीतरी म्हणतंच, "ते काजू आठवतात का?"

नव्वदच्या दशकाचे मधले दिवस होते ते. कॉर्पोरेट गव्हर्नन्स हा शब्द नवाकोरा होता. आमचे प्रमुख कारखानीस सर तो दिवसातून चारदा तरी उच्चारायचे. त्यांच्याच हाताखाली आमची वैदेही पीएचडी करत होती. विषय होता, बोर्ड मीटिंगमध्ये निर्णय नक्की कोण घेतं? नोकरी तिची टेम्पररी. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, घर हिच्या पगारावर. सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "यंदा पीएचडी झाली तर पर्मनंट. नाहीतर जूनमध्ये तुझ्या जागी दुसरं कुणीतरी."

मी अकाउंट्स शिकवायचे. "डायरेक्टर हे भागधारकांचे विश्वस्त असतात" हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहायचे आणि देवाशप्पथ, माझा त्यावर विश्वास होता! वैदेहीला एकटीनं कारखान्यांत जायला नको वाटायचं, म्हणून मी सोबत जाऊ लागले. तिथून माझी वाट लागली.

*

पहिलाच कारखाना पावणे एमआयडीसीतला. आमच्या हातात ब्रीफकेस, बगलेत प्रश्नावल्यांचा गठ्ठा. वॉचमननं आत फोन केला आणि पाच मिनिटांत मालक स्वतः गेटवर आले. एसी केबिन, थंडगार कोल्ड्रिंक, समोर काजूंची भरलेली प्लेट. मागच्या दारानं माणसं खोकी उचलून कुठे तरी पळत होती. त्यांचे सीए घामाघूम होऊन आले आणि हात जोडूनच म्हणाले, "मॅडम, आपण बसून काय ते मिटवू ना!"

वैदेही गोंधळली. "मिटवायचं काय? तुमच्या बोर्डाच्या मीटिंगा वर्षातून किती होतात, एवढंच विचारायचंय. आम्ही कॉलेजमधून आलोय."

मालकांनी सीएकडे पाहिलं, सीएंनी आमच्याकडे. मग मालक खुर्चीत मागे रेलले आणि शिपायाला ओरडले, "कॉलेजवाले आहेत रे! काजू आत ने!"

माझ्या हातात एक काजू होता. तो खावा की ठेवावा, मला खरंच कळेना.

*

मग रबाळ्याची कंपनी. इनोव्हेशनसाठी मिळालेली ढाल भिंतीवर लावलेली. तिथले आर अँड डीचे साहेब मोठ्या उत्साहानं लॅबमध्ये घेऊन गेले. टेबलावर एक जर्मन मशीन, नखशिखान्त उघडलेलं. शेजारी त्यांचं स्वतःचं, हुबेहूब तसंच.

"यात तुमचं इनोव्हेशन कोणतं?" वैदेहीनं विचारलं.

"ओरिजिनलला सहा स्क्रू आहेत मॅडम. आपण चारात बसवलं!"

तेवढ्यात कुणीतरी बटण दाबलं. मशीन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत आलं. साहेबांनी सवयीनं हात पुढे करून ते धरलं आणि म्हणाले, "हलतं, पण चालतं!"

*

बोर्ड मीटिंग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय प्रबंध पुरा होणार नव्हता, आणि कुणी दारात उभं करेना. शेवटी कारखानीस सरांच्या ओळखीनं एका केमिकल कंपनीनं आम्हाला बोलावलं. आदल्या दिवशी वैदेहीनं नवीन पेन घेतलं. मी ठेवणीतली साडी नेसले.

लांबलचक टेबल. डायरेक्टर आले, चहा आला, सामोसे आले. क्रिकेट झालं, कुणाच्या तरी मुलीचं अमेरिकेचं स्थळ झालं, वाशीच्या फ्लॅटचे भाव झाले. वैदेही पेन उघडून बसलेली. मग सगळे उठले, रुमालाला हात पुसले आणि निघाले.

"मीटिंग कधी सुरू होणार?" तिनं कंपनी सेक्रेटरींना हळूच विचारलं.

"झाली ना!"

"पण चर्चा?"

"ती कालच टाइप केली. चर्चा बरीच सखोल झाली," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "आणि मॅडम, तुमचाही उल्लेख घातलाय हं. पाहुण्यांनी कामकाज पाहून समाधान व्यक्त केलं!"

आदल्या दिवशी! आम्ही गेटात पाऊल टाकण्याआधीच आमचं समाधान झालं होतं!

*

पण सगळेच काही तसे नव्हते. महाप्याच्या एका कंपनीत गावातले जोमाशेठ डायरेक्टर होते. कारखाना उभा राहिला ती जमीन त्यांची, म्हणून मालकांनी त्यांना बोर्डावर घेतलेलं. आम्ही त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो.

"मीटिंगला तुम्ही काय करता?" वैदेहीनं विचारलं.

"समदी हात वर करतान. मी नाय करीत."

"का?"

"मी पयले इचारतो, आमचे गावची पोरं कामाला घेतली का? नाय? मंग माजा हात खाली! सायेब तोंड करतो वाकडा. करू दे."

वैदेहीचे डोळे चमकले. रस्त्यानं ती माझा दंड धरून चालत होती. "शुभाताई, 'नाही' म्हणणारा पहिला डायरेक्टर मिळाला! याच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहीन मी!"

महिन्याभरानं पुन्हा गेलो तर बोर्डावरून जोमाशेठ गायब. मालक हळहळले. "प्रकृती साथ देत नाही हो त्यांना. झेपत नाही मीटिंगला येणं."

परतताना ते आम्हाला नाक्यावर दिसले. खांद्यावर तांदळाचं अख्खं पोतं!

*

आता आमच्या घरचाच किस्सा. प्रबंध जमा करायला आमच्या संशोधन समितीची मंजुरी लागायची. मुदत संपत आलेली. समितीची बैठक काही होईना. वैदेही रोज सरांच्या केबिनबाहेर घुटमळायची. तिची झोप उडालेली, चेहरा उतरलेला. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

एका दुपारी सरांनी तिला आत बोलावलं. "अभिनंदन! बैठक झाली."

"कधी, सर?"

"आत्ताच, फोनवर. दोघं हो म्हणाले. तिसऱ्यांचा फोन लागला नाही, पण ते कधी नाही म्हणत नाहीत."

वैदेही तिथेच उभी राहिली. "सर... बैठक न होताच मंजुरी, हेच तर माझं चौथं प्रकरण आहे!"

"मग उत्तम! घाल की उदाहरण," सर म्हणाले. "आपलं नाव तेवढं वगळ."

*

आणि मग तिची तोंडी परीक्षा. बाहेरगावाहून परीक्षक म्हणून धारप सर आले होते. डायरेक्टरांच्या कर्तव्यांवर व्याख्यानं देत देशभर फिरणारा माणूस. करारी चेहरा, हसणं माहीत नाही. हॉलमध्ये मागच्या रांगेत वैदेहीचा नवरा मांडीवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन बसलेला. त्याची बोटं बॉक्सच्या दोऱ्यावरून सारखी फिरत होती.

तासभर धारप सरांनी तिला नुसतं सोलून काढलं. मग त्यांनी कागदाची खूण घातलेलं एक पान उघडलं.

"ही तुमची 'क' कंपनी. तुर्भ्याची, रंगांची. हिच्यात बाहेरचे एक डायरेक्टर आहेत, पेशानं प्राध्यापक. एकाही मीटिंगला आलेले नाहीत, पण प्रत्येक निर्णयाला त्यांची संमती. तुम्ही यांना भेटलात?"

"नाही सर. ते परगावी असतात. कंपनीनं नाव-पत्ता द्यायला नकार दिला."

"अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल?"

कारखानीस सर तिला डोळ्यांनी खुणावत होते, जपून बोल. तिनं ते पाहिलं नाही, की पाहून सोडून दिलं, मला माहीत नाही.

"बेजबाबदार म्हणेन, सर. नाहीतर लबाड."

मागच्या रांगेत पेढ्यांच्या बॉक्सचा दोरा तुटला.

"आणि आपण डायरेक्टर आहोत हे त्याला ठाऊकच नसेल तर?"

"प्राध्यापक माणूस आहे, सर! ठाऊक नाही असं कसं होईल?"

धारप सर लाल झाले. मी मनातल्या मनात म्हटलं, गेली हिची नोकरी. मग त्यांनी पान न बघताच विचारलं, "दिवाळीला कंपनी त्यांना भेट पाठवते असं लिहिलंय तुम्ही. काय असतं त्यात?"

"काजूकतली, सर. आणि चांदीचं छोटं निरांजन. पाठवायच्या दिवशी मी तिथेच होते, स्वतः पाहिलंय."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"बायको दर दिवाळीला विचारते, हे पाठवतं कोण?" ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "मी सांगतो, असेल कुणी जुना विद्यार्थी."

धारप सरांनी पेन काढलं, कारखानीस सरांसमोरचा अहवाल ओढून घेतला आणि 'पदवी द्यावी' असं लिहून खाली झोकात सही केली. वैदेहीचा नवरा पेढे घेऊन धडपडत पुढे आला, तर ते बॅग उचलून दाराशी पोचलेसुद्धा.

"पेढे राहू द्या," ते म्हणाले. "इथून तुर्भ्याला रिक्षा मिळेल का?"