नऊ नंबरचा पाचवा फाउल

फोन वाजला तेव्हा मी ऑफिसातून येऊन चपलांसकट दारातच भिंतीला टेकून बसले होते. टी. नगरमधली आमची बँकेची शाखा नव्या संगणक प्रणालीवर जात होती. तीन आठवडे मला रविवार मिळाला नव्हता, उद्याचा मिळणार होता. फोनवर बास्केटबॉल संघटनेचे सचिव होते.

"मॅडम, उद्या मुलींची इंटरकॉलेज फायनल आहे आणि माझा एक रेफरी चिकनगुनियानं पडलाय. नाही म्हणू नका."

मी हो म्हणाले. नवऱ्यानं आतून ऐकलं होतं. तो म्हणाला, "आरशात बघितलंस का स्वतःला?" कोल्हापुरात असताना मी विद्यापीठाच्या संघातून खेळले होते. लग्नानंतर चेन्नईला आले, खेळ सुटला, तेव्हा रेफरीची परीक्षा दिली. शहरात बायका रेफरी अगदी मोजक्या. 'नाही' म्हटलं तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत ही भीती कायम असायची. बेचाळिसाव्या वर्षी मैदानात उतरायचं दुसरं कुठलं निमित्त मला उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी अण्णा नगरहून दोन बस बदलून त्या कॉलेजात पोहोचले. सिमेंटचं उघडं कोर्ट दिवसभर तापलेलं होतं, चार वाजून गेले तरी बुटाच्या तळव्यातून चटके लागत होते. माझ्या जोडीला एका शाळेतला पी.टी. मास्तर होता, तिशीच्या आतला, काटक. एका बाजूला यजमान कॉलेजच्या मुली, दुसऱ्या बाजूला लहान गावातून आलेला संघ. पाहुण्यांची सगळी भिस्त त्यांच्या नऊ नंबरवर होती. ही उंच, हडकुळी मुलगी रिंगखाली उभी राहिली की समोरच्यांना वाट मिळत नसे. त्यांचे कोच साठीचे होते. मॅचभर ते बसलेच नाहीत.

पहिला अर्धा वेळ बरा गेला. तिसऱ्या क्वार्टरपासून माझे पाय जड झाले. बॉल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला की रेफरीनंही धावायचं असतं, मी जलद चालू लागले होते. मास्तरनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या बाजूचीही थोडी जागा सांभाळायला लागला.

शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा पाहुणे एका गुणानं पुढे होते आणि नऊ नंबरच्या नावावर चार फाउल होते. पाचव्याला खेळाडू बाहेर जातो. यजमानांची एक बुटकी, चपळ मुलगी बॉल घेऊन सरळ रिंगकडे सुटली. वाटेत नऊ नंबर होती. दोघी धडकल्या, दोघी पडल्या.

अशा वेळी एकच गोष्ट पाहायची असते. अडवणारी आधीच पाय रोवून उभी असेल तर फाउल धावत येणारीचा, आणि ती ऐन वेळी मध्ये सरकली असेल तर तिचा. ते दिसायला बाजूला जाऊन उभं राहावं लागतं. मी मागेच राहिले होते. मला फक्त बुटक्या मुलीची पाठ दिसली, आणि तिच्या पलीकडे काहीतरी हललं. तरीही मी शिट्टी वाजवली आणि नऊ नंबरकडे हात केला.

ती उठली. गुडघा सोलला होता. ती आरडाओरडा न करता माझ्याजवळ येऊन तमिळमध्ये म्हणाली, "मॅडम, मी उभी होते."

"बाहेर जा," मी म्हणाले.

फाउलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो यजमानांनी बरोबर जाळीत टाकले. आता ते एका गुणानं पुढे. पाहुण्यांनी बॉल फिरवला, वेळ संपत आली, त्यांच्या एका मुलीनं कोपऱ्यातून बॉल फेकला, हूटर वाजला आणि बॉल जाळीतून खाली पडला. पाहुण्यांच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी दोन्ही हात आडवे हलवले. हूटर वाजला तेव्हा बॉल तिच्या हातात होता, बास्केट नाही.

मग जे व्हायचं ते झालं. पाण्याची एक बाटली माझ्या खांद्याला लागली. कोच टेबलावर मूठ आपटत होते, "हातातून सुटला होता! सगळ्यांनी पाहिलंय!" लेखी तक्रार झाली, तासाभरात फेटाळली गेली. भांडण सगळं त्या शेवटच्या बास्केटवरून होतं. पाचव्या फाउलविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. नऊ नंबर बाकावर डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती.

तीन आठवड्यांनी मास्तरचा फोन आला. कोणा मुलीच्या वडिलांनी हँडीकॅमवर मॅच घेतली होती, त्याची सीडी त्याच्या हाती आली होती. शाळा सुटल्यावर मी त्याच्या शाळेत गेले आणि त्यानं स्टाफरूममधल्या टीव्हीवर ती लावली. त्यानं शेवटची फेक तीन वेळा दाखवली. हूटरचा आवाज आला तेव्हा बॉल बोटांवरच होता.

"बघा मॅडम! तुम्ही बरोबर होता," तो म्हणाला. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला होता.

"थोडं मागे घे," मी म्हणाले.

नऊ नंबर उभी होती. दोन्ही पाय जमिनीवर, हात वर, दोन-अडीच सेकंद तशीच. बुटकीचा खांदा सरळ तिच्या छातीत गेला. हललं ते तिचं अंग, धडकेनंतर. मास्तर टीव्हीकडे न बघता सीडीचं कव्हर उघडझाप करत होता.

"तुला त्याच वेळी दिसलं होतं?"

"दिसलं होतं, मॅडम. पण तुमच्या समोरचा निर्णय होता. तुम्ही सीनियर."

चित्रात कोपऱ्यात मीही होते, कमरेवर हात ठेवून, खेळापासून सहा-सात पावलं मागे. धाप लागलेली बाई. मी ते पुन्हा बघायला मागितलं नाही.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका स्पर्धेत तोच संघ आला. त्या दिवशी त्यांची मॅच माझ्याकडे नव्हती. वॉर्म-अप चालू असताना मी नऊ नंबरला बाजूला बोलावलं.

"त्या दिवशी माझं चुकलं. तू उभी होतीस."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग वाकून बुटाची लेस घट्ट केली. "हे मला सांगून काय होणार, मॅडम? आमच्या सरांना सांगा. ते रोज सगळ्यांसमोर म्हणतात, तुझी अक्कल ऐन वेळी पळाली म्हणून आपण हरलो. मी कॅप्टन होते, आता नाही."

ही गोष्ट माझ्या मनातही आली नव्हती. मला वाटलं होतं, ती 'ठीक आहे मॅडम' म्हणेल आणि मी घरी जाईन.

कोर्ट ओलांडून कोचकडे गेले. त्यांच्याभोवती सगळ्या मुली होत्या. मोडक्या तमिळमध्ये, अडलं तिथं इंग्रजी घालून, मी सांगितलं, की तिचा पाचवा फाउल फाउल नव्हता. मी धावले नाही, मला दिसलं नाही, अंदाजानं शिट्टी वाजवली. सीडी आहे, हवी तर पाठवते.

कोचनी विचारलं, "आणि शेवटची बास्केट?"

"ती उशिराच होती, सर."

ते कडवट हसले. "म्हणजे ज्यासाठी मी भांडलो ते खोटं, आणि ज्यासाठी या पोरीला बोललो तेही खोटं." मग ते नऊ नंबरकडे वळले. हातातला बॉल त्यांनी तिच्याकडे फेकला आणि म्हणाले, "चल, वॉर्म-अप तू घे." ती गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी दोन क्वार्टर थांबले आणि बस पकडली.

त्याच आठवड्यात सचिवांचा फोन आला. "मॅडम, हे काय केलंत? रेफरीनं असं कबूल करायचं नसतं. आता प्रत्येक संघ सीडी घेऊन माझ्या दारात उभा राहील. आणि त्या कोचनी लेखी दिलंय, त्यांच्या मॅचला तुम्ही नकोत."

"बरं," मी म्हणाले.

"राग नाही ना आला?"

"नाही."

खरंच आला नव्हता. पुढच्या मोसमात मला शाळांच्या मॅचेस मिळाल्या, सकाळच्या, लहान कोर्टावरच्या. त्याही मी वर्षभरानं सोडल्या. त्या वर्षात ऑफिसचं काम साचलेलं असलं की मी शनिवारीच फोन करून कळवायचे, उद्या जमणार नाही. आधी हे तोंडातून निघत नसे. नऊ नंबर पुन्हा कॅप्टन झाली की नाही ते मला कळलं नाही. मास्तरला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, तिचं शेवटचं वर्ष होतं, मॅडम, आता कुठे असेल कोण जाणे.