भारद्वाजासाठी बाक

आमच्या काकांनी भारद्वाज पाहिल्याशिवाय कधी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. शकुनाचा पक्षी ना तो! काळं अंग, लाल डोळे, विटकरी पंखांची शाल पांघरलेली, आणि चाल अशी की जणू आजही जहागीर शाबूत आहे. काका सरकारी कचेरीत होते आणि रोज उशिरा पोचायचे. साहेबांनी जाब विचारला तर सांगायचे, "सर, आज तोच लेट होता."

"मला बघायला आले तेव्हाही उशिराच आले," काकू म्हणायच्या. "आल्यावर माझ्याकडे कमी, खिडकीबाहेर जास्त बघत होते."

तुकोगंजच्या मागच्या बाजूला आमची छोटी कॉलनी. तिच्या पाठीशी एक मोकळा प्लॉट होता. मोकळा म्हणजे बोरी, घाणेरी, गुडघाभर गवत आणि वर्षानुवर्षांचा पालापाचोळा यांनी गच्च भरलेला. मध्ये एक कडुनिंब. त्या जाळीत भारद्वाज महाराजांचा मुक्काम. सकाळी आतून 'हूप हूप' असा घुमारा यायचा आणि काका चहाचा कप घेऊन गच्चीवर धावायचे. शेपूट दिसायचं तर तोंड नाही, तोंड दिसलं तर कपातला चहा गार.

आता इंदूरच्या माणसाला स्वच्छतेचं काय वेड आहे, ते मी बाहेरच्यांना सांगायला नको. आमच्याकडे पाहुणा शिंकला, तर रुमाल ओल्या कचऱ्यात की सुक्या यावर घरात दोन तट पडतात. अशा गावात कॉलन्यांची स्वच्छतेची स्पर्धा लागली, आणि आमच्या समितीचे अध्यक्ष कोण? काका!

बैठकीत ते उभे राहिले, घसा साफ केला. "मागचा प्लॉट साफ करू. कडुनिंबाला हात लावायचा नाही. खाली लॉन, रंगीत कुंड्या आणि समोर एक बाक. भिया, बाकावर बसून आरामात भारद्वाज बघायचा! इतकी वर्षं बिचारा कबाडात राहतोय."

काय टाळ्या पडल्या! शेजारचे भाईसाब तर म्हणाले, "काकाजी, एक नंबर आयडिया!"

झाडी उपटायचं मशीन आलं आणि दुपारच्या जेवणाआधी सगळं सपाट झालं. लॉन आलं, कुंड्या आल्या, बाक आला. बक्षीसही आलं, काकांना शाल, श्रीफळ आणि पेपरात फोटो. दुसऱ्या दिवशी काका नवा सदरा घालून बाकावर जाऊन बसले.

भारद्वाज आला नाही.

"लाजत असेल," काका म्हणाले. पुढे म्हणाले, "नवी जागा आहे, सवय होईल." मग बाकावर बसून नुसता चहा गार करू लागले.

शेवटी त्यांची नात सुटीत घरी आली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते, आणि जीभ आजोबांकडून घेतलेली. ती लॉनकडे बघत राहिली.

"आजोबा, तो उडणारा कमी आणि लपणारा जास्त. पाचोळ्यातल्या गोगलगायी, टोळ, सरडे खातो, जाळीत घरटं करतो. तुम्ही त्याचं किचन पण साफ केलंत आणि बेडरूम पण."

"अगं, झाड ठेवलंय की!"

"झाड म्हणजे त्याची गच्ची."

काका उठून आत गेले.

त्यानंतर त्यांनी आपल्या परसातला झाडू बंद केला. पानं साठू दिली, कुंपणाला बोरी लावल्या. दोन बुलबुल आले, एक सरडा कायमचा राहायला आला. ज्याच्यासाठी हे चाललं होतं, तो आला नाही. एवढ्याशा परसात त्याचं भागणार कसं? समितीचे लोक मात्र आले: "काकाजी, अध्यक्षांच्याच घरी कचरा? लोग क्या बोलेंगे!" काकांनी राजीनामा दिला आणि पाचोळा ठेवला.

मग परवा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. दोन गल्ल्या ओलांडल्या आणि काकांनी माझा दंड धरला. "थांब, थांब!" एका पडक्या भिंतीपलीकडून 'हूप हूप'. आत तशीच जाळी. दिसलं काही नाही, पण काकांचा चेहरा असा उजळला की डॉक्टरांची काही गरज आहे का, असं मला वाटलं.

तेवढ्यात त्या कॉलनीचे तीन-चार लोक हातात टेप घेऊन प्लॉट मोजायला आले. त्यांनी काकांना फोटोवरून ओळखलं. "अरे काकाजी! गेल्या वर्षीचे विनर! यंदा आमची पण तयारी आहे."

काकांनी हात जोडले. भर रस्त्यात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं: जाळी, पाचोळा, गोगलगायी, रिकामा बाक. नातीची वाक्यं जशीच्या तशी म्हटली. माणसं आदरानं ऐकत होती, मान डोलावत होती.

काका थांबल्यावर त्यांच्यातला एकजण अदबीनं पुढे झाला.

"बराबर है काकाजी. बस एक सांगा, तुम्ही मशीन कोणाकडून मागवलं होतं? एका दिवसात काय सफाचट केलं होतं!"